लँकेशायरचे फ्रॅकिंग, पालघरचे धक्के आणि खाडीकाठची न झालेली नोंद

धागालेखक : कोपरी_पूर्व

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, ब्लॅकपूल या गजबजलेल्या पर्यटनस्थळाच्या मागे, लँकेशायर परगण्यात फाइल्ड नावाचा सखल शेतीचा प्रदेश आहे. तेथील प्रेस्टन न्यू रोड या रस्त्याकडेच्या एका शेतात क्वाड्रिला कंपनीने वायूसाठी फ्रॅकिंग सुरू केले आणि स्थानिकांनी ते होऊ नये म्हणून वर्षानुवर्षे विरोध केला. आपल्याकडे या प्रकरणाचा उल्लेख झालाच तर ‘गावकऱ्यांनी कंपनीला पळवून लावले’ एवढ्या एका वाक्यात होतो. ते वाक्य अपुरे आहे असे माझे मत आहे, आणि त्यात जे राहून जाते तेच आपल्या खाडीकाठच्या लोकांच्या कामाचे आहे, म्हणून हा धागा.

एक खुलासा आधीच करतो. ठाणे, नवी मुंबई वा रायगडमध्ये फ्रॅकिंग येऊ घातलेले नाही. आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे. फ्रॅकिंगला लागतो तो शेल, म्हणजे सेंद्रिय अवशेष गाडले गेलेला, चिखलापासून बनलेला गाळाचा खडक. त्यात वायू असतो, परंतु त्याची सूक्ष्म छिद्रे एकमेकांना जोडलेली नसल्यामुळे नुसती विहीर खणून तो वर येत नाही. म्हणून सुमारे दोन किलोमीटर खाली जाऊन विहीर आडवी वळवतात आणि पाणी, वाळू व थोडी रसायने प्रचंड दाबाने सोडून खडकाला भेगा पाडतात. वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत. सोडलेल्या पाण्याचा काही भाग खडकातील क्षार आणि अल्प प्रमाणात नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्ये घेऊन परत वर येतो, आणि त्याची विल्हेवाट हा वेगळाच प्रश्न होऊन बसतो.

फाइल्डमध्ये पहिला प्रयोग २०११ मध्ये प्रीझ हॉल येथे झाला. १ एप्रिल रोजी २.३ आणि २७ मे रोजी १.५ प्रतीचा (म्हणजे मॅग्निट्यूडचा) भूकंप झाला व काम थांबवावे लागले. त्या वेळी विहिरीच्या जवळ पुरेशी भूकंपमापन यंत्रे नव्हती. जादा यंत्रे पहिल्या धक्क्यानंतर बसवली गेली. पुढे डिसेंबर २०१२ मध्ये सरकारने बंदी उठवली, परंतु एक अट घालून. पाणी सोडले जात असताना ०.५ किंवा त्याहून मोठ्या प्रतीचा धक्का नोंदला गेला की काम तत्काळ थांबवायचे, किमान १८ तास थांबायचे आणि विहीर तपासायची. शिवाय ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१५ पासून, म्हणजे प्रेस्टन न्यू रोडला पाण्याचा एक थेंबही खडकात जाण्याच्या कितीतरी आधी, त्या भागातील भूजल, हवा आणि भूकंपीय हालचाली यांची मूळ स्थिती नोंदवण्यास सुरुवात केली. मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, आणि बातम्यांमध्ये तीच सर्वांत कमी आढळते.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात देतो. जून २०१५ मध्ये लँकेशायर कौंटी कौन्सिलने परवानगी नाकारली. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंत्री साजिद जाविद यांनी तो निर्णय फिरवला. जानेवारी २०१७ मध्ये काम सुरू झाले आणि रस्त्याच्या कडेला विरोधकांचे तळ पडले. पिवळे जॅकेट घातलेल्या आज्या, दर बुधवारी पांढरे कपडे घालून येणाऱ्या स्त्रिया, मालमोटारींवर चढून बसलेले तरुण असे अनेक जण त्यात होते. मालमोटारींवर चढलेल्यांपैकी तिघांना सप्टेंबर २०१८ मध्ये तुरुंगवास झाला आणि अपील न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये ती शिक्षा उघडउघड अवाजवी ठरवून त्यांना सोडले. त्याच ऑक्टोबरमध्ये फ्रॅकिंग प्रत्यक्ष सुरू झाले. याचा अर्थ असा की कौन्सिलचा नकार, न्यायालयीन लढाई आणि जवळजवळ दोन वर्षांचा रस्त्यावरचा ठिय्या या सर्वांनंतरही काम सुरू झालेच होते.

ते बंद पडले ते ०.५ या आकड्यामुळे. धक्के येत राहिले आणि काम पुन्हा पुन्हा थांबत राहिले. मर्यादा वाढवावी म्हणून कंपनीने सतत मागणी केली. सरकारच्या स्वतःच्या शेल वायू आयुक्त नताशा एंगेल यांनी एप्रिल २०१९ मध्ये या मर्यादेवर टीका करत राजीनामा दिला. तरीही सरकारने आकडा हलवला नाही. २६ ऑगस्ट २०१९ रोजी २.९ प्रतीचा धक्का बसला, तो हजारो घरांत जाणवला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपूर्ण इंग्लंडमध्ये फ्रॅकिंग स्थगित झाले.

माझे म्हणणे असे की रस्त्यावरचा विरोध निष्फळ नव्हता, पण त्याचे खरे काम आकडा टिकवून धरण्याचे होते. धक्क्यांची यादी सर्वांना पाहता येत होती, ती वाचणारी माणसे फाटकासमोर उभी होती, आणि अशा परिस्थितीत कोणत्याही मंत्र्याला ०.५ चे गुपचूप १.५ करणे अवघड होते. मर्यादा आधी लिहिलेली, मूळ स्थिती आधी मोजलेली आणि मोजमाप सर्वांसमोर उघडे, या तिन्ही गोष्टी नसत्या तर २.९ चा धक्काही ‘या भागात असे होतच असते’ म्हणून खपून गेला असता.

आता आपल्याकडे पाहा. फाइल्डमध्ये फ्रॅकिंग सुरू झाल्यानंतर महिनाभरातच, नोव्हेंबर २०१८ पासून, डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. २०१४ पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. तेथे फ्रॅकिंग नव्हते, कारणे वेगळी आहेत आणि त्यांची चर्चा येथे करायची नाही. मुद्दा एवढाच, की धक्क्यांच्या अगदी जवळची यंत्रे तेथे धक्के सुरू झाल्यानंतर पोहोचली, आणि त्याआधी जमीन किती शांत होती हे गावकऱ्यांच्या आठवणीवर सोडावे लागले. खाडीचेही तेच. पूल, भराव, बंदर, वाहिन्या यांपैकी काहीही येवो, आधी खाडीत काय होते याची नोंद कोणाकडेच नसते आणि मग नुकसान झाले हे सिद्ध करण्याचा भार ज्याचे नुकसान झाले त्याच्याच डोक्यावर येतो. ही नोंद कोणी आणि कशी ठेवावी, यावर सदस्यांनी लिहावे.

प्रतिसाद : बेसॉल्ट

लेख माहितीपूर्ण आहे, मात्र भूकंपाच्या प्रतीविषयी थोडी भर घालणे आवश्यक वाटते, अन्यथा वाचकांच्या मनात भलतेच चित्र उभे राहील. प्रतीचे प्रमाण लघुगणकी असते. ०.५ आणि २.९ यांत २.४ चा फरक दिसतो, पण कंपनाच्या मोठेपणाचा विचार केला तर तो सुमारे २५० पट होतो आणि मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेचा केला तर जवळजवळ ४,००० पट. त्यामुळे २.९ चा धक्का लोकांना जाणवला यात नवल नाही. परंतु ०.५ चा धक्का माणसाला जाणवतच नाही. तो फक्त यंत्राला कळतो.

म्हणून कंपनीची तक्रार अगदीच निराधार होती असे मला म्हणता येत नाही. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात फॉक्स क्रीक परिसरासाठी २०१५ मध्ये अशीच पद्धत लागू झाली, आणि तेथे काम थांबवण्याची मर्यादा ४.० ठेवली गेली. एका ठिकाणी ०.५ आणि दुसऱ्या ठिकाणी ४.०, आणि तंत्र तेच. फॉक्स क्रीकच्या आसपास विरळ वस्तीचे जंगल आहे, तर फाइल्डमध्ये विटांची जुनी घरे आणि दाट गावे आहेत. आकडा भूशास्त्रातून आपोआप निघत नाही, तो समाज ठरवतो. धागालेखकांनी आकड्याला जे निर्णायक स्थान दिले आहे, ते देताना हा आकडा ठरला कसा याकडेही पाहायला हवे होते.

मानवी कृतीमुळे भूकंप होतात ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जलाशयातील पाण्याशी जोडला जातो, आणि जगभरच्या अभ्यासक्रमांत त्याचे उदाहरण दिले जाते. कोयनेला नंतर उत्तम यंत्रणा उभी राहिली. ‘नंतर’ या शब्दावर धागालेखकांशी मी सहमत आहे.

प्रतिसाद : डेल्टा_वास्तव्य

मी नोकरीनिमित्त बराच काळ तंजावर भागात राहिलो आणि सध्या ऐरोलीत असतो. धाग्यातील मुख्य प्रतिपादनाशी माझी असहमती आहे, आणि ती जरा विस्ताराने मांडतो.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मन्नारगुडी भागात कोळशाच्या थरांतील मिथेन काढण्याचा प्रकल्प एका खाजगी कंपनीला २०१० मध्ये मिळाला. सेंद्रिय शेतीचे पुरस्कर्ते नम्मळवार यांनी त्याविरुद्ध गावोगाव फिरून प्रचार केला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्या प्रचाराच्या काळातच त्यांचे निधन झाले. पुढे २०१७ च्या फेब्रुवारीत पुदुकोट्टई जिल्ह्यातील नेडुवासल गावात हायड्रोकार्बन प्रकल्पाविरुद्ध आंदोलन पेटले. काटेकोरपणे सांगायचे तर नेडुवासलचा प्रकल्प आधीच सापडलेल्या लहान तेल-वायू क्षेत्रांच्या योजनेतील होता, आणि त्याला सरसकट फ्रॅकिंग म्हणणे योग्य नाही. आंदोलकांच्या बोलण्यात मात्र मिथेन, शेल आणि हायड्रोकार्बन हे सगळे एकच होते. शहरातील तज्ज्ञांनी यावरून त्यांची पुष्कळ थट्टा केली.

परंतु निकाल काय लागला ते पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये तमिळनाडू विधानसभेने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतीक्षेत्राला संरक्षण देणारा कायदा केला आणि त्यात तेल, नैसर्गिक वायू, कोळसाथरातील मिथेन व शेल वायू यांचे नवे शोधकाम, खोदकाम आणि उत्खनन निषिद्ध ठरवले. तेथे कोणी ०.५ मोजले नव्हते. भातशेती करणाऱ्या माणसांनी ‘आमच्या जमिनीखाली हे नको’ असे म्हटले आणि राजकीय पक्षांना ते ऐकावे लागले.

मर्यादा मागणे म्हणजे मर्यादेखालच्या सर्व गोष्टींना आधीच होकार देणे होय. लँकेशायरमध्ये खडक जरा निराळा असता आणि धक्के ०.४ वरच राहिले असते, तर धागालेखकांच्या तर्काने तेथील लोकांना काही बोलण्याचा अधिकारच उरला नसता. पाणी, मालमोटारींची वर्दळ, रात्रीचे दिवे, शेताचे औद्योगिक आवार होणे, या गोष्टींना भूकंपाची प्रत नसते.

आणखी एक. तमिळनाडूचा कायदा येण्याच्या अगदी आधी, जानेवारी २०२० मध्ये, केंद्राने पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत बदल करून तेल-वायूचे शोधकाम ‘ब-२’ वर्गात टाकले. त्या वर्गात जनसुनावणी लागत नाही. उत्पादनाच्या टप्प्याला सुनावणी आहे, परंतु तोपर्यंत विहीर खणलेली असते. अशा चौकटीत मूळ स्थितीची नोंद मागायची तरी कोणाकडे?

प्रतिसाद : शीव_पनवेल

विरोध आदरणीयच आहे. तथापि ठाणे-नवी मुंबईतील आपल्यापैकी बहुतेकांच्या ओट्याखाली नळाचा वायू आहे. मुंबई हायचे तेल १९७४ मध्ये सापडले आणि तेथील वायू समुद्राखालील वाहिनीतून उरणला येतो. तो पुरत नाही, म्हणून द्रवरूप वायू आयात होतो. मार्च २०१८ मध्ये ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या करारातील अमेरिकी वायूचे पहिले जहाज आपल्याच कोकणात, दाभोळला लागले. अमेरिकेतील बहुतांश वायू आता फ्रॅकिंगमधून निघतो. वाहिन्यांच्या जाळ्यात सगळा वायू मिसळतो, तेव्हा कोणाच्या शेगडीत कुठला वायू जळतो हे सांगता येणार नाही. परंतु टेक्सासच्या किंवा लुईझियानाच्या गावकऱ्यांनी सोसलेल्या गोष्टीचा लाभ आपण घेत नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

प्रतिसाद : पारसिक

डेल्टा_वास्तव्य यांनी मालमोटारींचा उल्लेख केला, त्याला जोडून एक गोष्ट. कौन्सिलने २०१५ मध्ये प्रेस्टन न्यू रोडला नकार दिला त्याची अधिकृत कारणे गोंगाट आणि निसर्गदृश्याची हानी ही होती. भूकंप नव्हे, भूजल नव्हे. त्याच भागातील रोझेकर वूड येथील दुसरा प्रस्ताव वाहतुकीच्या कारणावरून नाकारला गेला, आणि तो नकार तर २०१९ मध्ये मंत्र्यांच्या पातळीवरही कायम राहिला. अरुंद ग्रामीण रस्त्यांवरून अवजड वाहने सुरक्षितपणे जाऊ शकत नाहीत, एवढ्या साध्या मुद्द्यावर फ्रॅकिंगचा एक प्रकल्प पडला. लोकांना ज्याची भीती वाटते ते आणि नियोजनाच्या कायद्यात जे चालते ते सहसा वेगवेगळे असते, आणि ज्या गावांनी हे लवकर ओळखून रस्त्याची रुंदी, शाळा सुटण्याची वेळ आणि वळणांवरची दृश्यता मोजून ठेवली, त्यांचे म्हणणे कागदावर टिकले.

संमतीचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु तो कसा निसटतो हेही लँकेशायरमध्येच दिसले. सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस यांच्या सरकारने स्थगिती उठवली, तेव्हा ‘स्थानिकांची संमती असेल तेथेच’ असे आश्वासन दिले होते. संमती कोणाची, किती मैलांच्या परिघातली, मतदानाने की कंपनीच्या सर्वेक्षणाने, यांपैकी काहीच ठरलेले नव्हते. त्यांच्याच पक्षाचे खासदार यावरून बिथरले, १९ ऑक्टोबरला संसदेत गोंधळ झाला, दुसऱ्या दिवशी ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला आणि त्याच महिन्यात ऋषी सुनक यांनी स्थगिती पुन्हा लागू केली. जी संमती मोजण्याची रीत आधी ठरलेली नाही, ती प्रत्यक्षात मंत्र्याची मर्जी असते.

प्रतिसाद : दिवाळे_कोळीवाडा

आपण सर्वांनी चांगले लिहिले आहे. मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा. खाडीत पूर्वी काय मिळत होते हे आमच्या घरातली जुनी माणसे एका दमात सांगतील: कोळंबी, बोय, निवटी, चिंबोरी, जिताडा, कालवे. परंतु एका कामाच्या भरपाईसाठी अर्ज केला तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांनी विचारले की आधीच्या वर्षांत किती किलो मिळत होते ते दाखवा. आमच्याकडे विक्रीच्या पावत्या नाहीत, कारण खाडीचे मासे बायका टोपलीत घेऊन सकाळी बाजारात विकतात. मच्छीमार सोसायटीकडे डिझेलच्या नोंदी आहेत, पण त्यांतून मासळी कळत नाही.

उरणचे प्रकरण मोठे होते. २०१५ मध्ये हरित लवादाने तेथील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला, म्हणजे कुटुंबामागे सरासरी पावणेसहा लाखांच्या वर. आणि वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पूल होऊ दिला, पण बाधित मच्छीमारांच्या भरपाईसाठी राज्याने धोरण ठरवावे असे सांगितले. धोरण आले तरी आकडे विचारले जाणारच.

धागालेखकांना एक विचारायचे आहे. नोंद ठेवायची तर तारखेप्रमाणे ठेवून उपयोग नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते आणि डोल जाळीला, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याला, मासळी लागते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी असतो, तेव्हा जाळे रिकामे येते. एखादा साहेब भांगाच्या दिवशी येऊन पाहणी करून गेला, तर खाडीत मासळीच नाही असे लिहून जाईल. हे शास्त्रज्ञांच्या नोंदीत बसते का?

प्रतिसाद : कोपरी_पूर्व

दिवाळे_कोळीवाडा यांच्या प्रश्नासाठीच हा धागा काढला होता असे आता वाटते. तिथी नुसती बसते असे नव्हे, ती नसेल तर नोंद निरुपयोगी ठरेल. लँकेशायरमध्ये फ्रॅकिंगच्या बऱ्याच आधी मोजणी सुरू केली त्याचे कारण हेच, की भूजलातील मिथेन किंवा हवेतील प्रदूषण ऋतूप्रमाणे वरखाली होते, आणि एका दिवसाच्या मोजमापावरून मूळ स्थिती सांगता येत नाही. आपली तिथी त्याच कामाची आहे.

बेसॉल्ट यांनी आकडा समाज ठरवतो असे म्हटले, ते मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच आकड्याच्या मागे फाटकासमोरची माणसे लागतात असे मी लिहिले होते. डेल्टा_वास्तव्य यांच्याशी मात्र माझा मतभेद कायम आहे. कावेरीकाठच्या शेतकऱ्यांच्या मागे संपूर्ण राज्याचे राजकारण उभे राहिले. भात हा तेथे निवडणुकीचा विषय असतो. ठाण्याच्या खाडीतील निवटी कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात नाही. ज्यांची संख्या मोठी आहे त्यांना नुसता नकार पुरतो. ज्यांची संख्या लहान आहे त्यांना नकाराबरोबर वही लागते. जनसुनावणी नसलेल्या वर्गात नोंद कोणाकडे मागायची, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला तरी एकच दिसते: मागायची नाही, आपणच ठेवायची आणि प्रत सोसायटीच्या ठरावासह दर तिमाहीस मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात देऊन पोच घ्यायची. पोच घेतलेला कागद पुढे कोणाला ‘नंतर रचला’ असे म्हणता येत नाही.

वहीत काय असावे याचा कच्चा आराखडा देतो. कोळीवाड्यांतील सदस्यांनी दुरुस्त करावा. तारीख आणि तिथी, भरती की ओहोटी, जाळ्याचा प्रकार, खाडीतली जागा गावात ज्या नावाने ओळखतात त्या नावाने, किती वेळ जाळे होते, प्रत्येक मासळीचा अंदाजे वजनी आकडा आणि विक्रीची रक्कम. रिकामी फेरी झाली तर तीही लिहायची, कारण केवळ चांगले दिवस लिहिलेली वही पहिल्या उलटतपासणीत पडेल. पाण्याला वास वा तवंग असेल तर शेरा. वजनासाठी काटा नसेल तर टोपलीचे माप एकदा मोजून ठरवावे आणि पुढे टोपल्याच लिहाव्यात. विक्री स्त्रियाच करतात, तेव्हा रकमेचा रकाना त्यांच्या हाती असलेला बरा. पारसिक यांना विनंती, की ठरावाचा मसुदा कायद्याच्या भाषेत कसा असावा ते येथेच लिहावे, म्हणजे दिवाळे, सारसोळे आणि वाशीच्या संस्थांना तो जसाच्या तसा वापरता येईल.

प्रतिसाद : दिवाळे_कोळीवाडा

आराखडा बरा आहे. दोन बदल सुचवतो. कालवे आणि खुबे हाताने गोळा करतात, त्याला जाळे नसते. त्यांचा रकाना वेगळा हवा, आणि ते काम करणाऱ्या बायकांची नावे सोसायटीच्या सभासद यादीत नसतात, त्यांचीही नोंद व्हावी. दुसरे, पावसाळ्यात समुद्रातील मासेमारी बंद असते तेव्हाही खाडीत पगोळी आणि लहान जाळी चालतात, म्हणून वही बाराही महिने चालू ठेवावी. येत्या अमावास्येपासून सुरुवात करता येईल, सभेत विषय ठेवतो.